पाठीवरची गाठ

१

हेस्टर प्रॉसरच्या मुलाचा कोट चोरीला गेला, तेव्हा तो कोट तिच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर लटकत होता.

त्यामुळे हवालदार क्लॅम्पनं तक्रार वहीत उतरवलीच नाही. खुंटीपाशी गेला, कोटाला बोट लावलं, "हा काय, इथेच आहे की," म्हणाला आणि तिच्याकडचा चहा पिऊन सायकलवर बसला. जाताना माझ्या खिडकीपाशी थांबून त्यानं कपाळाजवळ बोट फिरवलं. "वर्ष होत आलं ना मुलाला जाऊन. बायकांचं असं होतं."

ब्रॅकनहोपमध्ये टपाल कचेरी आणि किराणा दुकान एकाच टेबलावर चालतं आणि त्या टेबलामागे एकतीस वर्षं मी बसलेली आहे. कोण कुणाला पत्र लिहितं, कोण लिहायचं थांबलं, कोण शुक्रवारी काय घेतं आणि कोणत्या शुक्रवारी घेत नाही, याची नोंद माझ्या डोक्यात आपोआप पडते. गाव मला चौकशीखोर म्हणतं आणि काही हरवलं की माझ्याकडेच येतं.

हेस्टर गुरुवारी दुपारी आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी ती हळू बोलली.

"मॅबेल, खुंटीवर आहे तो ओवेनचा कोट नाही."

"कशावरून?"

तिनं टेबलाच्या कडेला नख लावलं. "तुला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगू नको. रोज सकाळी एनॉक गाईंकडे गेला की मी त्या कोटात तोंड घालते. मंगळवारी सकाळी त्यात ओवेन होता. बुधवारी सकाळी नव्हता."

मी हातातलं टपाल बाजूला ठेवलं.

"कापड तेच," ती म्हणाली. "कोपराला ठिगळ तेच, माझ्याच हातचं. म्हणून क्लॅम्प हसला. पण अगं, त्याचा आवाज मला आता नीट आठवत नाही. रात्री आठवायला जाते तर दुसऱ्याच कुणाचा तरी येतो. वास तेवढा राहिला होता. तो मला आणून दे."

"एनॉकला माहीत आहे? तू तोंड घालतेस ते?"

"कुणालाच माहीत नाही. आता तुला आहे."

टपाल खात्याचा नियम मोडून मी भर दुपारी दाराला कडी लावली आणि तिच्याबरोबर निघाले.

२

कोट मी खाली काढून टेबलावर पसरला. तपकिरी, जाड, मखमली गळपट्टीचा. आमच्या खोऱ्यात दर तिसऱ्या पुरुषाच्या अंगावर हाच असतो, कारण हेरफर्डच्या बाजारात एकच शिंपी आहे आणि त्याला एकच कोट येतो. उजवा खिसा ओढून ओढून लोंबलेला. मी त्यात हात घातला. शिवणीत अडकलेला एक चिकट तुकडा निघाला. नाकाशी नेला. पेपरमिंट.

माझ्याकडे पेपरमिंटच्या गोळ्या पाच जण घेतात. मिसेस ओक्शॉट, म्हणजे आमची पाद्रीबाई. दोन म्हाताऱ्या बहिणी. हवालदार क्लॅम्प. आणि एनॉक प्रॉसर, दर शुक्रवारी, रेशनचं पुस्तक न बोलता पुढे सरकवून. पाचही जण चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की तोंड हलवायला लागतात. तेव्हा एवढ्यावरून कुणाला धरता येत नव्हतं.

कोट काढल्यावर खुंटीवर सुतळीचा एक तुकडा उरला. मधोमध घट्ट गाठ, दोन्ही टोकं सुरीनं कापलेली.

"ही कसली?"

हेस्टरचा चेहरा दगडासारखा झाला. "त्याच दिवसाची."

त्या दिवसाचं आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण कागदावर सांगायला हवं. गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात बर्फाचं वादळ आलं. ओवेन प्रॉसर, वय चोवीस, डोंगरावर गाडल्या गेलेल्या मेंढ्या उकरायला गेला. बरोबर त्याची कुत्री जेट, आणि एर्विन. एर्विन जर्मन. युद्धकैदी म्हणून प्रॉसरांच्या शेतावर कामाला आला आणि बाकीचे घरी गेले तरी राहिला, कारण त्याचं घर राहिलं नव्हतं. संध्याकाळच्या सुमाराला एर्विन एकटा खाली आला. त्याच्या अंगावर ओवेनचा कोट होता. ओवेन नऊ दिवसांनी सापडला, नुसत्या सदऱ्यावर. जेट त्याच्या अंगावर पडून होती, जिवंत.

"मला वाटलं माझाच मुलगा आला," हेस्टर म्हणाली. "दारात कोट दिसला ना. मग वरचं तोंड दिसलं. कोटावरून कमरेला सुतळी बांधलेली, त्याची बोटं लाकडासारखी झालेली, सुटेना. मी सुरी घेतली आणि ही सुतळी पोटावर कापली. गाठ मागं होती. पण त्याच्या मागं जायला माझे पाय उचलले नाहीत. कोट ओढून काढला आणि इथं लावला. ह्यानं कोट आणलाच नसता तर माझा ओवेन—" ती थांबली. "म्हणतो, त्यानं दिला. मरणारा माणूस कोट देतो?"

तेव्हापासून एर्विनला त्या घराचा उंबरा बंद. एनॉकनं त्याला कामावर ठेवलं, कारण दुसरा माणूस मिळत नव्हता. हेस्टर दुपारी त्याची थाळी बाहेरच्या पायरीवर ठेवते, तो दगडावर बसून खातो आणि थाळी धुऊन परत ठेवतो. नवराबायकोत यावर कधी शब्द झाला नाही. दुसऱ्या कशावरही झाला नाही.

कोट परत खुंटीवर लावला आणि सुतळी मी खिशात टाकली. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

निघताना पायरीवर थाळी दिसली. बटाट्यावर साय धरलेली. बाजूला कालची थाळी, तिलाही हात लागलेला नाही.

"एर्विन कुठाय?"

हेस्टरनं थाळ्यांकडे असं पाहिलं जणू प्रथमच दिसल्या. "मंगळवारपासून आलाच नाही," ती म्हणाली. "मंगळवारपासून, मॅबेल."

३

"जर्मन," क्लॅम्प म्हणाला. "मी पहिल्यांदाच म्हणणार होतो."

"तुम्ही पहिल्यांदा म्हणालात की कोट खुंटीवरच आहे."

"आहेच. म्हणजे नाही. अहो मिस टर्वी, चोर कोट नेतो आणि जागेवर दुसरा कोट ठेवून जातो? कपड्यांना कूपन लागतात हल्ली. एवढा मोठ्या मनाचा चोर मी बघितला नाही."

क्लॅम्प वर्षातून एकदा नेमकं बोलतो आणि बोलला हे त्याला कळत नाही. चोराला कोट हवा होता, पण गेलेला कळू द्यायचा नव्हता. आणि त्याला वाटलं होतं की हेस्टर त्या कोटाकडे नुसती बघते.

मी पाद्रीबाईंकडे गेले. मिसेस ओक्शॉट चर्चच्या छपरासाठी जुन्या कपड्यांची विक्री भरवतात आणि मार्चमध्ये त्यांच्यापासून काहीही सुरक्षित नसतं.

"मिस टर्वी, मी देवाचं काम करते. लोकांच्या खुंट्या रिकाम्या करत नाही."

"गेल्या वर्षी क्लॅम्पची विजार दोरीवरून नेलीत."

"ती बघून मला वाटलं, टाकलेलीच असणार." त्यांनी माझ्यापुढे पेपरमिंटची पुडी धरली. "मंगळवारी गेले होते प्रॉसरांकडे, हेस्टर कबरीवर जाते त्या वेळेला. तिच्यासमोर जुने कपडे मागणं बरं दिसत नाही. पण एनॉकनं मला दारातूनच लावून दिलं. एरवी एक शब्द बोलायला पाव तास घेणारा माणूस, 'काही नाही, काही नाही' म्हणत दार लोटलं की हो! माझा पाय अडकला असता."

तिथून बेकरीत. विनी हिगिट पाव मांडत होती. ओवेनशी तिचं ठरलं होतं; आता जूनमध्ये बेकरीवाल्याच्या पुतण्याशी लग्न आहे. गावात दोन बाया तिला यावरून नावं ठेवतात आणि त्या दोघींची लग्नं मला माहीत आहेत.

"कोट?" ती म्हणाली. "मी घेतला असं वाटलं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही, पोरी. मी विचारत फिरतेय."

"मला तो नकोय, मिस टर्वी. मला त्याचा वाससुद्धा नकोय. वास आला तर मी जूनमध्ये उभी राहू शकणार नाही." ती पिठाचे हात झटकत राहिली, हातांना पीठ नव्हतं तरी. "त्याच्या खिशात कायम ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्या असायच्या. सगळा कोट त्याच वासाचा. एकदा मी पेपरमिंट दिली तर थुंकून टाकली. म्हणाला, बाबांसारखी चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं."

मी एक पाव घेतला. घरी पाव होता.

४

शुक्रवार उजाडला आणि एनॉक पेपरमिंट घ्यायला आला नाही. एकतीस वर्षांत हे एकदाच झालं होतं, मुलाला पुरलं त्या आठवड्यात. मागच्या शुक्रवारी मात्र गोळ्यांबरोबर त्यानं बंदुकीची काडतुसं मागितली होती. मी विचारलं होतं, कोल्हा आलाय का? तो म्हणाला, नाही.

मी पुडी बांधली आणि स्वतःच घेऊन गेले.

फाटकापाशी थबकले. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळायला क्षण लागला. जेट नव्हती. काल हेस्टरच्या घाईत माझं लक्षच गेलं नव्हतं. ती काळी कुत्री वर्षभर त्या फाटकाशी डोंगराकडे तोंड करून पडलेली असायची. कुणी शीळ घातली तर कान हलवायची नाही, जवळ गेलं तर दात काढायची. तीनशे मेंढ्यांचा डोंगर आणि कुत्रा नाही. एनॉकचे गुडघे गेलेले. काम न करणारा कुत्रा आमच्याकडे शेतावर ठेवत नाहीत.

काडतुसं आठवली आणि मी झपाझप आत निघाले.

एनॉक कोठारात होता. मार्चची वेळ, मेंढ्या विऊ लागलेल्या. त्याच्या खांद्यावर नेहमीप्रमाणे गोणपाट. वर्षभर तो असाच हिंडतो, पावसात, गारांत; गाव म्हणतं दुःखानं विक्षिप्त झालाय. त्याच्यापुढे गवतावर एक मेलेलं कोकरू होतं आणि त्याचं कातडं तो सोलून काढत होता, सावकाश, जणू लहान मुलाचं झबलं काढतोय.

"पुडी विसरलास," मी म्हणाले.

"ठेव तिथं."

कोपऱ्यात मेलेल्या कोकराची आई पाय आपटत होती. दुसऱ्या हातात एनॉकनं एक जिवंत कोकरू घेतलं, जुळ्यातलं, आईनं टाकलेलं. मेलेल्याचं कातडं त्याच्या अंगात चढवलं, पाय भोकांतून काढले आणि वरून सुतळी बांधली. गाठ पाठीवर मारली.

"पोटावर का नाही?" मी विचारलं. मी दुकानदाराची मुलगी; एवढं जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"पोटावर मारली तर बसताना रुतते. चावून सोडतं मग. गाठ नेहमी पाठीवर, त्याचं तोंड पोचत नाही तिथं." त्यानं कोकरू मेंढीपुढे सोडलं. मेंढीनं नाक लावलं. एकदा, दोनदा. मग ते शेपटीकडून पुन्हा हुंगलं, आणि घशातून तो गुरगुरता आवाज काढला जो त्या फक्त स्वतःच्या पिल्लासाठी काढतात. कोकरू दुधाला लागलं.

"फसली," मी म्हणाले.

"फसत नाही," एनॉक म्हणाला. "तिलाही हवंच असतं. तीन-चार दिवसांनी कातडं काढतो. तोवर त्याच्या अंगाला तिच्याच दुधाचा वास लागलेला असतो."

मी उलट्या बादलीवर बसले. माझ्या डोक्यातल्या नोंदी एकामागून एक जागेवर बसत होत्या आणि मला त्या बसायला नको होत्या.

"एनॉक, जेटला मारलंस?"

"नाही."

"मग ती वर आहे. एर्विनबरोबर. आणि एर्विनच्या अंगावर ओवेनचा कोट आहे."

५

त्यानं सुरी गवतावर पुसली. बराच वेळ पुसली.

"खुंटीवर आहे तो तुझा," मी म्हणाले. "दोघांचे एकाच दिवशी घेतलेले, हेस्टरनं ठिगळंही एकाच तुकड्याची लावलेली. ओवेन गेल्यापासून तू तुझा घातला नाहीस, गोणपाट घेऊन हिंडतोस. आम्ही म्हणालो, डोकं फिरलं. पण तुला तो अंगावर नको होता, एवढंच. खिशात पेपरमिंट राहिली, एनॉक. ओवेन पेपरमिंट थुंकायचा."

"बंदूक भरली होती मी," तो म्हणाला. माझ्याशी नाही, कोकराशी. "सोमवारी. फाटकाशी गेलो. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. तिला माहीत होतं असं वाटलं, आणि तिला चालणार होतं. ओवेनची कुत्री. नऊ दिवस त्याच्यावर पडून राहिली आणि मी तिला गोळी घालायची? परत आलो तर इथं एक कोकरू कातड्यात होतं. म्हटलं, माणसाला का नाही."

"आणि लागू पडलं."

"कोट घालून एर्विन फाटकाशी आला. ती उठली, मॅबेल. वर्षानं उठली. कोटाच्या बाहीत नाक घालून रडायला लागली, माणसासारखी. मग त्यानं शीळ घातली आणि ती गेली डोंगराकडे. त्याला कोट नको होता, तो तर नाहीच म्हणत होता. मी म्हटलं, कामाचा हुकूम आहे. वर झोपडीतच राहा, खाली येऊ नको. भाकरतुकडा मीच नेतो."

"हेस्टरला विचारता आलं नाही?"

"त्याच्या अंगावर तो कोट? हेस्टरला?" तो हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. "चार दिवसांत परत लावणार होतो. जेट त्याची झाली की. मला वाटलं कळणार नाही. सारखाच दिसतो. ती बसल्याबसल्या बघत असेल त्याच्याकडे, एवढंच वाटलं. मी तिकडे बघतच नाही."

"अरे माणसा, आयुष्यभर तू मेंढ्यांना नाकानं फसवलंस आणि स्वतःच्या बायकोला डोळ्यानं फसवायला गेलास? ती त्याचा वास घेते. रोज. तू गाईंकडे गेलास की."

एनॉकचा चेहरा पाहायला मी तिथं नसते तर बरं झालं असतं. एक वर्ष एका छपराखाली, एका टेबलाशी, आणि त्याला हे ठाऊक नव्हतं.

"रोज?" तो म्हणाला.

"रोज," दारातून आवाज आला.

हेस्टर उभी होती. हातात पायरीवरच्या दोन थाळ्या. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं त्या थाळ्या वाकून जमिनीवर ठेवल्या, नीट, एकात एक, आणि वळून डोंगराची वाट धरली.

६

ती पुढे, मी मागे, आणि बऱ्याच मागे एनॉक, गुडघे धरत. वाऱ्याला धार होती. कुंपणांच्या सावलीत अजून बर्फाच्या रेघा होत्या. हेस्टर छप्पन्न वर्षांची. पण मला तिला गाठता आलं नाही.

शेवटच्या दगडी भिंतीशी ती थांबली. वर उतारावर तपकिरी कोटातला एक माणूस उभा होता, पाय रोवून, एक हात खिशात. त्यानं शीळ घातली. काळी कुत्री वाऱ्यासारखी वळसा घालून गेली आणि विखुरलेल्या मेंढ्या तिच्यापुढे मुठीसारख्या मिटल्या.

"ओवेन," हेस्टर म्हणाली. हाक नव्हे. तो तो नाही हे तिला माहीत होतं. तरीही ती उभी राहिली आणि बघत राहिली, आणि मीही तिला घाई केली नाही.

मग एर्विननं आम्हाला पाहिलं. तो खाली धावत आला आणि धावता धावताच कोटाची बटणं काढू लागला. जवळ आला तेव्हा कोट हातात होता, अंगात जुना सदरा. तोंड पांढरंफटक.

"मिसेस प्रॉसर, मी चोरला नाही. मिस्टर प्रॉसर म्हणाले—"

तिनं कोट घेतला. गळपट्टीत तोंड घातलं. मग काखेत, मग बाहीत. मी मोजत नव्हते, पण खूप वेळ गेला. तोंड वर काढलं तेव्हा त्यावर काही नव्हतं.

"गेला," ती म्हणाली.

ओल्या लोकरीचा, तंबाखूचा, जंतुनाशकाचा आणि परक्या घामाचा वास होता. मला चार हातांवरून येत होता. तीन दिवस पुरेसे असतात. एनॉकनं सांगितलंच होतं.

एनॉक येऊन पोचला होता आणि दूर उभा होता. तिला हवी ती एकच वस्तू मी शोधून दिली होती, आणि तिच्यात आता ओवेन नव्हता. माझ्या खिशात दुसरं काहीतरी होतं. ते द्यावं की नाही, मला कळेना. ते आणखी वाईट होतं.

मी सुतळी काढली.

"हेस्टर, त्या दिवशी गाठ कुठं होती?"

"मागं. सांगितलं ना."

"पाठीवर?"

"पाठीव—" ती म्हणाली आणि थांबली.

मला पुढे बोलावं लागलं नाही. तिनं आयुष्यात हजारभर कोकरं बांधली असतील. लाकडासारख्या बोटांनी स्वतःच्या पाठीवर कुणी गाठ मारू शकत नाही. ती मागं उभा राहून दुसरा मारतो. ज्याच्या अंगावरून कोट ओरबाडला, तो मागं उभा राहून बांधून देत नाही. आणि सवयीनं गाठ पाठीवर जाते ती मेंढपाळाच्याच हातून.

तिनं सुतळी घेतली आणि त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"त्यानं बांधली," ती म्हणाली. विचारलं नाही.

"हो," एर्विन म्हणाला. थंडीनं त्याचे दात वाजत होते. "माझा कैद्यांचा कोट पातळ होता. ओवेनचा पाय दगडात अडकला. मी म्हटलं, मी थांबतो. तो रागावला. म्हणाला, मला चालता येत नाही, तुला येतं, मूर्खा, मग कोट कुणाला पाहिजे? मला फिरवलं आणि बांधलं. गाठ मागं, म्हणजे मी सोडून परत देऊ शकणार नाही."

"शेवटचं काय म्हणाला?"

एर्विननं तिच्याकडे पाहिलं. "मी सांगितलं होतं तुम्हाला. त्या दिवशी, दारात. सारखं सांगत होतो. पण तोंड गोठलं होतं, इंग्रजी सगळं गेलं. माझ्या भाषेत सांगत होतो. नंतर तुम्ही विचारलं नाही."

"आता सांग."

"म्हणाला, आईला सांग, चहा टाकून ठेव. मी आलोच."

वारा होता म्हणून बरं. एनॉकनं टोपी काढली आणि तिच्यात तोंड लपवलं. जेट मध्ये येऊन बसली, कोटाकडे बघत.

एर्विननं दोन्ही हात कोटाच्या दिशेनं पुढे केले, मग मागे घेतले. "मी सदऱ्यावर राहीन. सवय आहे."

"गप," हेस्टर म्हणाली. "फीर तिकडं."

तिनं त्याच्या अंगात कोट चढवला, एक हात, मग दुसरा. सुतळी कमरेभोवती घेतली आणि कापलेली टोकं मागं आणली. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. ओवेनची गाठ पुढं पोटावर आली, तिची पाठीवर. ती त्याच्या मागं उभी होती, म्हणून एर्विनला तिचा चेहरा दिसला नाही. मला दिसला. तो मी कुणाला सांगणार नाही.

आम्ही खाली आलो. मेंढ्या होत्या तिथं थांबल्या. जेट मात्र एर्विनच्या टाचेशी. पायरीपाशी एर्विन सवयीनं थांबला आणि दगडाकडे वळला. हेस्टरनं दार उघडं धरलं. उंबरा ओलांडायला त्याला बराच वेळ लागला.

तिनं किटली चढवली. एनॉकनं खुंटीवरचा आपला कोट काढला, हातात धरला आणि कुठं ठेवावा ते न कळून मांडीवर घेऊन बसला. हेस्टरनं कपाटातून कप काढले आणि एकेक करून टेबलावर मांडले.

आम्ही चौघं होतो. कप पाच होते.

तिनं पाचही भरले.